बळ मागू नकोस, झोप माग

(वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून)

ताई, नाव छापू नका. मी ३३ वर्षांची, पिंपरी-चिंचवडला राहते. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. नवरा चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलते. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, सव्वाशे माणसांचं ऑफिस. सहा महिन्यांची रजा संपवून तीन महिन्यांपूर्वी रुजू झाले. सासूबाई होत्या, पण पेरणीसाठी गावी गेल्या आणि गुडघ्यामुळे परत येऊ शकल्या नाहीत. आता मुलगी दिवसभर पाळणाघरात असते आणि रात्री तीन-चार वेळा उठते. गेल्या आठवड्यात मुलाच्या हातून दुधाचा पेला सांडला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. तो रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. मग मीच बाथरूममध्ये जाऊन रडले. कधीकधी वाटतं, मी आई व्हायलाच नको होतं. स्कूटर काढावी आणि कुठंतरी निघून जावं. आई सासवडला असते, तिला सांगितलं तर म्हणाली, “आम्ही तीन-तीन पोरं वाढवली, तीसुद्धा नळाला पाणी नसताना.” नवरा वाईट नाही, सांगितलं की करतो. पण बाकीच्या बायकांना जमतं ते मलाच का जमत नाही? सहन करायचं बळ कुठून आणू?

---

तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मीही तुला ‘तू’च म्हणते.

सगळ्यात आधी एक विचारते. उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल, पण स्वतःला खरं दे. स्कूटर काढून निघून जावंसं वाटणं वेगळं आणि आपण जगूच नये असं वाटणं वेगळं. पहिलं दमलेल्या कितीतरी आयांना वाटतं. दुसरं कधी मनात आलं असेल, किंवा आपल्या हातून बाळाला काही होईल अशी भीती वाटली असेल, तर हे पत्र इथंच बाजूला ठेव आणि १४४१६ वर फोन कर. टेली मानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत लागतो, रात्री दोन वाजताही लागतो आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी नवऱ्यालाही सांग, आडून नव्हे, सरळ सांग. तसं काही नसेल तर पुढं वाच.

तू बळ मागतेस. तुझ्या पत्रात मला बळ कमी पडलेलं कुठं दिसलं नाही. दोन मुलांचं आवरून, महिनाअखेरीची एन्ट्री सांभाळून, रात्री चारदा उठून सकाळी पुन्हा डबा भरणारी बाई अशक्त नसते. जे कमी पडलंय ते साधं मोजता येण्यासारखं आहे: सलग झोप. बाळंतपणापासून आजपर्यंत एकदा तरी सलग पाच तास झोपलीस का? बहुतेक नाही. तुकड्या-तुकड्यांत सहा तास झोपणं आणि सलग पाच तास झोपणं यात दुसरंच जास्त उपयोगी पडतं. तुटक झोपेचे महिने साठत गेले की कुणाचाही तोल जातो, क्षुल्लक गोष्टीवरून संताप येतो, रडू येतं, साधा हिशोब चुकतो. तुझ्याजागी तुझा साहेब असता तर त्यानंही पेला सांडल्यावर आरडाओरडा केला असता. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी झोपेची व्यवस्था.

मुलगी इतकी का उठते, तेही समजून घे, म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय असं वाटणार नाही. नवव्या महिन्याच्या आसपास बाळाला आई समोर नाही हे कळायला लागतं आणि ते सोसत नाही. त्यात तू दिवसभर ऑफिसात. अशी काही बाळं दिवसाचं दूध आणि दिवसाची आई, दोन्ही रात्री वसूल करतात. यात दोष ना तुझा, ना पाळणाघराचा.

आता नवऱ्याच्या शिफ्टकडे येऊ. पत्रात तू ती अडचण म्हणून लिहिली आहेस. मला मात्र तुझी झोप तिथंच दिसते.

दुसऱ्या पाळीचा आठवडा सगळ्यात सोयीचा. कंपनीची बस त्याला मध्यरात्रीच्या सुमाराला सोडत असेल. घरी आलेला माणूस काही लगेच झोपत नाही. जेवतो, मोबाईल बघतो, दीड-दोन वाजतातच. ती वेळ मुलीची आणि त्याची. तू साडेनऊला मुलांबरोबरच आडवी हो. बारापर्यंत मुलगी उठली तर तू बघ. बारा ते पाच तो बघेल आणि तू मुलाच्या खोलीत दार लावून झोपशील. त्याची पाळी दुपारी सुरू होते, त्याला सकाळी अकरापर्यंत झोपता येईल.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो पहाटे निघतो आणि दुपारी घरी येतो. पाळणाघरातून मुलीला आणणं त्या आठवड्यात त्याचं. रात्री साडेआठला तू झोपायचं, बारापर्यंत काय होईल ते त्याचं. बारानंतर तुझं. इथं त्याची झोप थोडी कमी होईल, पण पाचच रात्रींचा प्रश्न आहे आणि तू हे नऊ महिने करते आहेस.

तिसऱ्या पाळीचा आठवडा खरा कठीण. त्या रात्री तू घरात एकटी. तेव्हा आईला बोलाव. “ये ना गं काही दिवस” असं मोघम बोलावलंस की आई “बघू, दिवाळीनंतर” म्हणते. तिला नेमकं सांग: तीन आठवड्यांतून एकदा, सोमवार ते शुक्रवार, फक्त रात्री मुलगी तुझ्याजवळ. सासवड काही लांब नाही. नेमकं काम सांगितलं की आया येतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. कधी तिला जमलं नाही तर बहीण, नणंद, अगदी पैसे देऊन रात्रीला एखाद्या मावशी. त्या पैशांसाठी बाहेरचं जेवण बंद केलंस तरी चालेल.

पहिल्या दोन-तीन रात्री मुलगी बापाकडे आक्रोश करेल. शेजारी विचारतील. तू उठायचं नाहीस. तुझं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवता येतं, दारात न ठेवता आत मागच्या बाजूला, म्हणजे चार दिवसांपर्यंत चालतं. पाजताना गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून कोमट करायचं, उकळायचं नाही. नऊ महिन्यांचं बाळ वाटी-चमच्यानं किंवा छोट्या कपानं पिऊ शकतं. बापाच्या खांद्यावर ते झोपायला शिकतं. बापही शिकतो, फक्त आई दाराआड उभी राहून सूचना देत नसेल तर.

आणि इथं जरा थांबते, कारण “सांगितलं की करतो” हे तुझं वाक्य मला टोचलं. तू ते कौतुकानं लिहिलंस. पण सांगायचं म्हणजे आधी आठवायचं, वेळ काढायची, माणूस कुठल्या मूडमध्ये आहे ते बघायचं, सांगायचं आणि झालं का ते पुन्हा विचारायचं. ही पाचही पावलं तू चालतेस, मधलं ‘करतो’ एवढंच त्याचं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचे ९७. ही काय करायचं ते डोक्यात ठेवण्याची मजुरी त्या मिनिटांत धरलेलीसुद्धा नसेल.

म्हणून त्याच्याकडे मदत मागू नकोस. एक काम अख्खं देऊन टाक. मुलीची नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आता आली असेल, झाली नसेल तर तिथून सुरुवात कर. ते कार्ड त्याच्या बॅगेत. तारीख त्यानं काढायची, रजा त्यानं टाकायची, व्हिटॅमिन ए चा डोस दिला का ते त्यानं विचारायचं, नंतर ताप आला तर थर्मामीटर त्याच्या हातात. तुझ्याकडे फक्त एवढंच काम की मध्ये बोलायचं नाही. दोन दिवस उशीर झाला तर होऊ दे. तसंच मुलाची शाळा: दप्तर, डबा, तो शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, गॅदरिंगचा ड्रेस. ग्रुपमधून तू बाहेर पड, तो आत जाऊ दे. सुरुवातीला डब्यात आठवडाभर पोळी-जॅम जाईल. जाऊ दे.

(नवरा ‘वाईट नाही’ म्हणून त्याच्याकडे मागायला संकोच वाटतो, हे मी फार बायकांकडून ऐकते. वाईट असता तर मागून उपयोग नव्हता. चांगला आहे म्हणूनच माग.)

पोळ्यांना बाई लाव. त्यावर मी जास्त लिहीत नाही, तुला कारणं ठाऊक आहेत आणि सासूबाई काय म्हणतील तेही ठाऊक आहे.

आता डॉक्टर. तुझ्या थकव्याला आणि चिडचिडीला झोपेशिवाय आणखीही कारणं असू शकतात आणि ती रक्तात सापडतात. हिमोग्लोबिन, टीएसएच (ही थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर सव्वा महिन्यापुरती असते, लोहाच्या गोळ्याही बऱ्याच जणी त्यानंतर सोडून देतात. शिवाय बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण बरंच असतं. तो बिघडला की माणूस थकतो, केस गळतात, मन उतरतं, आणि घरातले म्हणतात, “हल्ली हिचा स्वभावच बदलला.”

रिपोर्ट बघताना डॉक्टरांना दुसरीही गोष्ट सांग, ती स्कूटरची. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येतं ते पंधरा दिवसांत ओसरतं. त्यानंतरही उदासपणा, अपराधी वाटणं, कशातच रस न उरणं टिकून राहिलं, किंवा काही महिन्यांनी नव्यानं सुरू झालं, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. बाळाचं पहिलं वर्ष संपेपर्यंत तो कधीही डोकं वर काढू शकतो. भारतातल्या निरनिराळ्या अभ्यासांची बेरीज केली तर पाच आयांमागे साधारण एकीला तो होतो. म्हणजे तुझ्या पाळणाघराच्या दारात संध्याकाळी ज्या आया उभ्या असतात त्यांच्यातही कुणीतरी असणार. तपासायला दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. एडिंबरोच्या नावानं ती ओळखली जाते, १९८७ पासून जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते, पाच-दहा मिनिटं लागतात. तुझ्या प्रसूतितज्ज्ञांना सांग, मला ती भरायची आहे. पिंपरीत वायसीएम रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. “औषध सुरू केलं तर दूध बंद करावं लागेल” या भीतीनं पुष्कळ बायका पायरीच चढत नाहीत. दूध पाजताना चालतील अशी औषधं आहेत. डॉक्टरांना पाजते आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं, म्हणजे झालं. आणि अनेकदा औषधाची वेळही येत नाही, बोलण्याच्या उपचारानं भागतं.

आता मुलाच्या थोबाडीचं. तू ते लपवलं नाहीस, म्हणून मीही गोड बोलत नाही. मारणं चूक होतं. त्याला माफी हवी आहे आणि ती अजून दिली नसशील तर आज दे. मांडी घालून त्याच्यासमोर बस आणि म्हण, “त्या दिवशी मी तुला मारलं. दूध चुकून सांडलं होतं. मी मारायला नको होतं.” इथं थांब. पुढे “पण तू पण ना…” आलं की माफी वाया गेली. त्याला रडू आलं तर रडू दे. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला, ते रडणं कुठंतरी अडकलंय.

पुढच्या वेळी हात उचलण्याआधी काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव, कारण त्या क्षणी काही सुचत नाही. मुलीला पाळण्यात ठेव, पाठीवर, आजूबाजूला काही नको. मुलाला एवढंच सांग, “मी चिडलेय, दोन मिनिटांत येते.” आणि गॅलरीत जा. बाळ पाळण्यात पाच मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही. तोंडावर गार पाणी मार, समोरच्या इमारतीचे मजले मोज, काहीही कर, पण खोलीतून बाहेर पड. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ ही तुझी धोक्याची वेळ असणार, बहुतेक घरांत असते. त्या वेळात कुकर, अभ्यास, आंघोळ सगळं एकदम लावू नकोस. साडेचार वर्षांच्या मुलाला अभ्यास नसला तर काही बिघडत नाही. रोज आंघोळ नसली तरीही नाही, हे मी कुजबुजत सांगते.

‘मी आई व्हायलाच नको होतं’ या वाक्याची तुला सगळ्यात जास्त लाज वाटली असेल, असं वाटतं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक लंडनमध्ये होते. आयुष्यभर त्यांनी आया आणि बाळंच पाहिली. १९४९ साली त्यांनी एका लेखात आईला आपल्या बाळाचा राग, अगदी तिरस्कारसुद्धा का वाटतो याची एक लांबलचक यादीच दिली. त्यात बाळ आईला बिनपगारी मोलकरणीसारखं वागवतं, हे आहे. गरज संपली की तिला संत्र्याच्या सालीसारखं टाकून देतं, हेही आहे. आईनं केलेलं खात नाही, संशयानं बघतं आणि आत्याकडे मात्र पोटभर जेवतं, हेही आहे. सकाळभर छळल्यावर बाहेर नेलं की अनोळखी माणसाकडे बघून हसतं आणि तो माणूस म्हणतो, काय गोड आहे हो! वाचून मी मोठ्यानं हसले. लंडनच्या बाळांच्या आत्याही आपल्यासारख्याच निघाल्या. विनिकॉट यांचं म्हणणं एवढंच होतं की हा राग आईला स्वतःजवळ ठेवता आला पाहिजे, त्यावर काही न करता. राग येतो म्हणून ती वाईट आई ठरते असं त्यांनी कुठंच म्हटलं नाही. आपल्याकडे मात्र आईवर कविता फार आणि असं बोलायला जागा थोडी. म्हणून तू बाथरूम शोधलीस.

तुझ्या आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस, पण खोटंही समजू नकोस. तिनं वाढवली, पाण्याशिवाय वाढवली. मात्र तिच्या घरात जाऊ होती का, सासू होती का, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची का, दुपारी शेजारीण मुलं बघायची का, हे विचार. त्या हातांचीही किंमत होती. कुणाची शाळा सुटली, कुणाला स्वतःच्याच घरात दुपारी पडायची मुभा नव्हती. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण तिच्याशी तुलना करताना तिच्याकडचे हात मोज आणि तुझ्याकडचे मोज. आणि ती रात्री सांभाळायला आली की कधीतरी विचार, “आई, तेव्हा तुला कसं वाटायचं?” आपल्या आयांना हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. मग कदाचित नळाच्या पाण्याखेरीज दुसरंही काही ऐकायला मिळेल.

ऑफिसचं राहिलं. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा असली पाहिजे, असं २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आलं. तुमच्याकडे सव्वाशे माणसं आहेत. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त, दूध पाजण्यासाठी वेळ मिळण्याचा तुझा हक्क आहे. तुझी मुलगी नऊ महिन्यांची, म्हणजे अजून सहा महिने हातात आहेत. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दल मालक आणि कर्मचारी आपसांत ठरवू शकतात, अशीही तरतूद आहे. अकाउंट्सचं बरंच काम घरून होतं.

हे कागदावर असतं आणि कागदावरच राहतं, हे मलाही दिसतं. पाळणाघर ते उद्या उघडणार नाहीत. म्हणून मागणी लहान ठेव आणि ईमेलवर कर, कँटीनमध्ये नको. त्या दोन वेळा एकत्र करून संध्याकाळी लवकर निघायला मिळेल का, आणि नवऱ्याच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दोन दिवस घरून काम मिळेल का, एवढंच विचार. वरिष्ठ बाई असतील तर “आमच्या वेळी नव्हतं असं काही” हे ऐकायची तयारी ठेव. ऑफिसात आणखी एखादी बाळंतीण नुकतीच परतली असेल तर दोघींनी मिळून लिहा.

या शनिवारी सकाळी, मुलगा कार्टून बघत असताना, नवऱ्यासमोर कॅलेंडर ठेव आणि पुढच्या तीन आठवड्यांच्या शिफ्ट त्याला लिहायला सांग. शेजारी रात्रीची वाटणी लिहा. वाद होईल, होऊ दे, पण तो शनिवारी सकाळी व्हावा, रात्री दोन वाजता नको. सोमवारी रक्त देऊन ये, लॅबला घरी बोलावलं तरी चालेल. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन आणि टीएसएच किती निघाले ते मला कळव, आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बारा ते पाच खरंच झोपलीस का, तेही.